रिकामे कौल

भोरात मी मावशीकडे राहून शिकले. मावशीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. सकाळी पट्टा चढला की भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, बशीतला चहा, सगळं बारीक थरथरायला लागायचं आणि दुपारी लाइट गेली की एकदम थांबायचं. मावशी म्हणायची, "गिरनी बोलती तवर बरं असतंय गं. गप झाली की मागं कोन उबं हाय का काय, असं वाटतं." काका त्यावर तिची यथेच्छ टिंगल करायचे. पण लाइट गेल्यावर तेही उगाच खाकरायचे, हे मी पाहिलेलं आहे. आमच्या केसांवर, पुस्तकांवर, देवांच्या तसबिरींवर पिठाचा थर असे. माझं कॉलेजातलं पुस्तक आज उघडलं तरी पानांच्या बेचक्यात ज्वारीचं पीठ सापडेल.

मानसशास्त्र मी घेतलं ते त्या नावाला भुलून. मावशीने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की आमची नंदी मनातलं ओळखायला शिकतेय. त्यामुळे दळण घेऊन आलेल्या बायका माझ्याकडे पाठ करून बसायच्या. पहिलं वर्ष स्वप्नं, स्मृती, भीती असल्या गोष्टींत मजेत गेलं आणि दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राचा पेपर आला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गणित चुकवायला म्हणून तर आम्ही आर्ट्सला आलो होतो! शिकवायला कर्णिक बाई होत्या. बारीक चणीच्या, कायम सुती साडी, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा डुलक्या घेणाराही दचकावा. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन हे सगळं त्यांनी आम्हाला आमच्याच उंच्या मोजायला लावून शिकवलं. पण मला खरा धक्का बसला तो 'शून्य परिकल्पना' या शब्दाने. बाई म्हणाल्या, "आधी असं धरून चालायचं की काहीही घडत नाहीये. जे दिसतंय तो निव्वळ योगायोग आहे. मग आकड्यांना म्हणायचं, आता हे खोटं पाडून दाखवा." काहीही घडत नाहीये, हे वाक्य मला फार धीराचं वाटलं. आमच्या डोंगरात असं कुणी कधी म्हणत नाही. आमच्याकडे पाल चुकचुकली तरी काहीतरी घडत असतं.

एकदा बाईंनी टेबलावर नाणं उडवलं. सलग चार वेळा छापा पडला. मी न राहवून म्हणाले, "आता काटा पडणार." बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "का? नाण्याला काय लाज वाटते? नाण्याला आठवण नसते, नंदा. मागे काय पडलं ते त्याला ठाऊक नसतं आणि पुढे कुणाला काय हवंय तेही." पुढे मी स्वतः बत्तीस वर्षं हाच विषय शिकवला आणि दर वर्षी हे वाक्य जसंच्या तसं वापरलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी प्रत्येकाला एक प्रयोग दिला होता. दोनच बाजूंनी पडणारी कुठलीही वस्तू घ्यायची, निदान पन्नास वेळा पाडायची, निकाल लिहायचे आणि निम्मेनिम्मे पडतात का ते तपासायचं. कुणी नाणं घेतलं, कुणी फोडलेले चिंचोके घेतले. मला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची ते उगाच नाही.

आमचं घर वेल्ह्याकडच्या डोंगरात. नसरापूरला गाडी बदलून विंझरला उतरायचं आणि मग पिशवी डोक्यावर घेऊन चढण चढायची. वस्तीत मोजकी घरं, प्रत्येकाच्या चार शेळ्या, खाली भाताची खाचरं, वर नाचणी आणि वरई. दिवाळीत भात कापून झालेलं असायचं आणि सगळ्या डोंगराला वाळल्या पेंढ्याचा वास. घरात माझे वडील आबा, आई, दादा आणि त्या वर्षी वहिनी. वहिनीला दिवस गेलेले होते आणि दिवस भरतही आले होते. तिच्या माहेरी बाळंतपण करायला बाईमाणूस उरलं नव्हतं, म्हणून पहिलं असूनही ते सासरीच व्हायचं होतं. वहिनी माझ्याच वयाची. मला 'वन्सं' म्हणायची आणि आईचा डोळा चुकवून माझ्याकडून कारळ्याची चटणी मागून घ्यायची. नाचणीच्या गरम भाकरीवर ती काळी चटणी आणि वर तेलाची धार, असं आम्ही दोघी मागच्या पडवीत बसून खायचो. खाता खाता ती माझा हात पोटावर ठेवून म्हणायची, "बगा, कशी ढुशी देतिया. पोरगीच हाय." माझा जगात जीव कुणावर असेल तर त्या दिवसांत तो त्या पोटावर होता.

वस्तीच्या वर, कारवीच्या रानात, वाघजाईचं ठाणं आहे. तेव्हा तिथे भिंती नव्हत्या की छप्पर नव्हतं. एक कंबरभर उंचीचा शेंदूर माखलेला दगड, त्याला खांदे म्हणावेत असे दोन उंचवटे, आणि रुप्याचे दोन डोळे. वस्तीतलं कुठलंही मोठं काम तिला विचारल्याशिवाय व्हायचं नाही. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, देवीच्या दोन खांद्यांना एकेक चिकटवायची आणि घरातल्या कर्त्या माणसाने मोठ्याने प्रश्न विचारायचा. तिच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. हा कौल. आता कुणालाही दिसावं की यात आणि छाप्याकाट्यात काडीचा फरक नाही. मला तर तो दिसल्यावर इतका आनंद झाला की बाई वर्गात माझा कागद वाचून दाखवत आहेत, असं चित्रच डोळ्यांपुढे आलं.

दुपारी माणसं खळ्यावर असत तेव्हा मी शेळ्या घेऊन वर जायची. पाकळ्या भिजवायच्या, लावायच्या, बसून राहायचं. प्रश्न विचारायचा नाही, कारण मला उत्तर नको होतं, नुसतं पडणं हवं होतं. उजवा कौल पडला की कागदावर 'उ', डावा पडला की 'डा'. पहिल्या दोन दुपारी दोन्ही अक्षरं मिसळून पडली, अगदी पुस्तकात असतात तशी. मला थोडा कंटाळाही आला. तिसऱ्या दुपारी डावा पडला, मग परत डावा, मग परत. मी हसून म्हणाले, "नाण्याला आठवण नसते." माझाच आवाज मला फार मोठा वाटला, कारण बाकी सगळं गप्प होतं. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटाही वाजत नव्हत्या. मान वळवून बघितलं तर शेळ्या चरायच्या थांबल्या होत्या आणि सगळ्या एकाच बाजूला, दगडाकडे, तोंड करून उभ्या होत्या. मी पाकळ्या लावत गेले. वारा नव्हता. डावी पाकळी आता वाळायचीही वाट बघत नव्हती. मी बोट काढलं की ती खाली येत होती, कुणीतरी घाईत असल्यासारखी. पन्नास भरेपर्यंत एकदाही उजवी पडली नाही.

कागद घडी करत होते तेव्हा मागून हौसाआत्या आली. ही आमच्या वस्तीतली गुरवीण. देवीची सकाळ-संध्याकाळची दिवाबत्ती तिच्याकडे. नात्याने आत्या नव्हती, पण सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. तिने दगडाखाली पडलेला पाकळ्यांचा ढीग बघितला.

"काय इचारत व्हतीस गं येवढं?"

"काही नाही आत्या. कॉलेजचं काम आहे. नुसतंच लावून बघत होते."

"नुसतंच? सवाल न घालता?" तिने हातातलं तेल खाली ठेवलं. "अगं बाई, मंग ती येवढे जबाब कुनाला देत व्हती?"

ती एकेक पाकळी वेचून ओच्यात घ्यायला लागली. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी रिकामा कौल कंदी लावत न्हाई. आदी सवाल, मंग जबाब. तू जबाब आदी घिऊन ठिवलेस. आता सवाल येत्याल बघ, एकामागं एक." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझी कीव करत होती.

घरी आले, जेवले आणि मनाला बजावलं की काहीही घडत नाहीये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई सहज म्हणाली, "दूध पुरंल का गं च्याला?" दूध पुरलं. कागदावर पहिलं अक्षर 'उ' होतं. दादा म्हणाला, "टेम्पो येतो का आज पेंढा न्यायला?" टेम्पो आला. दुसरं अक्षर 'उ'. आबांनी विचारलं, "काळी शेळी सापडली का?" नव्हती सापडली. तिसरं 'डा'. मी कागद ट्रंकेत टाकला आणि तासाभराने परत काढला. आज मी वर्गात उभी राहून सांगेन की जुळलेलं तेवढं माणूस लक्षात ठेवतो आणि न जुळलेलं सोडून देतो, याला अमुक म्हणतात, लिहून घ्या. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की आपल्या घरात माणसं किती प्रश्न विचारतात! मीठ आहे का, पाऊस येतो का, कुत्रं जेवलं का. कुणी तोंड उघडलं की मी कागदावरचं पुढचं अक्षर बघायची. अक्षरं भराभर संपत होती आणि पुढे ती डाव्यांची सलग रांग होती. त्या रांगेत कुठला प्रश्न येऊन पडणार, याची मला भीती वाटायला लागली. आणि वहिनी रोज मला विचारायची, "वन्सं, समदं नीट व्हईल न्हवं?" मी तिच्या तोंडावर हात ठेवायची. तिला ती थट्टा वाटायची.

एका पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या आणि उन्हं वर येईतो थांबल्या. सुईण आली होती. तिने पोट चाचपलं, आईला बाजूला घेतलं आणि बराच वेळ कुजबुजत राहिली. वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. माझा हात तिने पोटावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "सकाळधरनं हलली न्हाई." दादा विंझरला जीप बघायला निघाला, तर आबा उंबऱ्यात आडवे आले. आबा दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांची आई त्यांना जन्म देऊन, खाली दवाखान्याकडे नेताना वाटेत डोलीतच गेली होती. बाळंतिणीला डोंगर उतरवायचा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ती डोली यायची. ते म्हणाले, "आदी वाघजाई आईला इचारू. भोरला न्यायची का म्हनून इचारतो. ती व्हय म्हनली तर न्या."

आणि मला कळलं की हाच तो प्रश्न. माझ्या कागदावरची पुढची सगळी अक्षरं डावी होती. 'न्यायची का' म्हणून विचारलं तर डावी पाकळी पडणार, म्हणजे नकार, म्हणजे वहिनी त्या अंधाऱ्या खोलीत राहणार. कर्णिक बाईंच्या भाषेतही तेच होतं. सलग इतके डावे पडतात म्हणजे दगड सरळ नाही. तो डावीकडे कलला असेल, नाहीतर तेलाने डावा खांदा जास्त गुळगुळीत झाला असेल. शून्य परिकल्पना खोटी पडली होती. देवी म्हणा, दगड म्हणा, दोघांचंही उत्तर मला आधीच ठाऊक होतं. उत्तर बदलता येत नव्हतं, पण प्रश्न अजून कुणी विचारलेला नव्हता.

मी आबांच्या मागे चढण चढत होते. दम लागला होता तरी बोलत होते. "आबा, न्यायची का असं नका विचारू. तिचं ठाणं सोडून जायची परवानगी कशी मागायची तिच्याकडेच? असं विचारा, की आई, तुझ्या पायाशी, घरीच सुटका करू का?" आबा थांबले. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांना ते बोलणं आवडलं होतं. म्हणाले, "व्हय. त्येच मानाचं हाय."

हौसाआत्याने पाकळ्या भिजवल्या. लावताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं. आबांनी टोपी काढून पुढे ठेवली आणि मोठ्याने विचारलं, "आई, पोरीची सुटका घरीच करू का?" आणि पाकळ्या पडेनात. दोन्ही. ज्या दगडावर डावी पाकळी बोटाबरोबर सुटायची, तिथे दोन्ही रुतून बसल्या होत्या. ऊन तापलं. आबांचे ओठ हलत होते. मग उजव्या पाकळीचं टोक सुटलं आणि वाऱ्याशिवाय हलायला लागलं. उजवी म्हणजे होकार, म्हणजे घरीच. माझ्या लक्षात आलं की मी एका पोटातल्या जिवाचा डाव एका कागदावर लावलाय आणि बाईंनी कधीच सांगितलं नव्हतं की 'बहुधा' म्हणजे 'नक्की'. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मागणं मागितलं. काय मागितलं, शब्द आठवत नाहीत. उजवी पाकळी लोंबत राहिली आणि डावी, जरासुद्धा न हलता, एकदम खाली आली.

"न्हाई म्हनतिया," आबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. पुढच्याच क्षणाला ते उठून वस्तीकडे ओरडत धावले, "दादा, जीप आन! जीप आन रं!" मी उठायला लागले तशी हौसाआत्या माझा दंड धरून म्हणाली, "सवाल तू फिरवलास. मला कळतंय. पन एक ध्यानात ठेव, तिनं फिरवू दिला."

भोरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ऑपरेशन करावं लागलं. बाळाच्या गळ्याला नाळेचे वेढे बसले होते. डॉक्टर बाहेर येऊन दादाला एवढंच म्हणाले, "आणलंत ते बरं केलंत." मावशीने गिरणीतून तशीच पिठाच्या हातांनी धाव घेतली होती. तिने पोरीला हातात घेतलं तेव्हा त्या लालबुंद गालावर पांढरी बोटं उमटली. आबांनी नाव ठेवलं जाई, वाघजाईची म्हणून. सुट्टी संपल्यावर मी बाईंना कागद दिला. त्यांनी हिशेब तपासून शेरा लिहिला, 'उत्तम. दगड कललेला असावा. पुन्हा करून पाहावे.' पुन्हा मी केलं नाही. पण 'दगड कललेला असावा' या तीन शब्दांना टेकून मी आजवर निवांत झोपले आहे. शेळ्यांचं काय, म्हणून मी स्वतःला कधी विचारलं नाही.

जाई आता चाळिशीला आली. पुण्यात एका कंपनीत दिवसभर आकड्यांशीच खेळते. ही गोष्ट तिला लहानपणापासून पाठ आहे. तिच्या दृष्टीने आत्याने गणिताने तिचा जीव वाचवला आणि ती हे चारचौघांत सांगतेही. परवा दिवाळीला ती लेकीला घेऊन वस्तीवर गेली होती. आबा-आई नाहीत, हौसाआत्या तर केव्हाच गेली. ठाण्यावर आता स्लॅब आहे, फरशी आहे. मी संध्याकाळी इथे भोरात चहा टाकत होते, तर तिचा फोन आला.

"आत्या, तुझा प्रयोग मी परत केला. गेले तीन दिवस दुपारी तेच करत होते. बरोबर निम्मे पडले गं, जवळजवळ निम्मेनिम्मे. मोबाईलवरची पाणसळ लावून बघितली. दगड सरळ आहे, खांदेही सारखेच."

"बांधकामात हलवला असेल," मी म्हणाले.

"वाघजाईला कुणी हात लावू देतंय होय? तिच्या भोवतीनंच बांधलंय सगळं. म्हणजे तुझे ते डावे नुसता योगायोग! आत्या, हसतेयस काय? मी त्या योगायोगावर जगलेय."

मी हसत नव्हते. चहा उतू चालला होता आणि मला गॅसपर्यंत जाता येत नव्हतं. दगड सरळ होता. मग त्या दुपारी ती एवढी घाईने कुणाला, काय सांगत होती? मी विचारलं, "जाई, पाकळ्या लावताना तू सवाल काय घालत होतीस?"

"सवाल कसला? नुसतंच."

तेवढ्यात पलीकडे तिच्या लेकीचा आवाज आला. जाईचा नवरा पुण्याहून एकटा गाडी घेऊन निघाला होता आणि बराच वेळ त्याचा फोन लागत नव्हता. पोरगी विचारत होती, "आई, बाबा नीट पोचतील ना?"

"जाई," मी म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. तुझा कागद बघ. पहिलं काय पडलंय?"

"अगं आत्या, तू पण ना..."

"बघ म्हणते ना!"

कागदाची चुरचुर ऐकू आली. "उजवा," जाई म्हणाली.

बत्तीस वर्षं पोरांना नाण्याला आठवण नसते म्हणून शिकवणारी मी तिथेच ओट्याला धरून खाली बसले आणि भिंतीकडे तोंड करून हात जोडले. दुसरा कोणता होता, ते विचारायचा मला धीर झाला नाही.